विटेच्या भिंतीला पांढरी चौकट कशाला?

उघड्या विटेचं घर तीस-चाळीस वर्षांचं झालं की मालकाला सल्ले मिळू लागतात, आणि हल्ली ते सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात: खिडक्यांचं काहीतरी करा. काय करायचं तेही ठरलेलं आहे. सागवानी चौकटी काढा आणि पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम स्लायडिंग बसवा. भोवती सहा इंची सिमेंटची पट्टी काढून ती पांढरी रंगवा. काच आरशासारखी घ्या. आणि एवढी परांची बांधलीच आहे तर विटांवरही चकाकतं कोटिंग मारून घ्या, म्हणजे 'एलिव्हेशन उठतं'. पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत, नाशकात, सत्तर-ऐंशीच्या दशकात जिथे जिथे लोकांनी हौसेनं गिलावा न करता विटा उघड्या ठेवल्या, तिथे तिथे हे पॅकेज पोचलं आहे. सल्ला देणारे कंत्राटदार असतात, रंगवाले असतात, नुकताच फ्लॅट सजवलेले मेव्हणे असतात. सगळ्यांचा सूर एकच: वीट जुनाट दिसते, खिडकी आधुनिक करा.

या पॅकेजमधल्या एकाही गोष्टीनं खिडकीचं रूप सुधारत नाही. एक-दोन तर भिंतच बिघडवतात. आणि जिच्यामुळे रूप खरोखर सुधारतं ती गोष्ट पॅकेजमध्ये नसते, कारण तिचा दर चौरस फुटात सांगता येत नाही.

ती गोष्ट म्हणजे चौकट भिंतीच्या जाडीत किती आत बसली आहे. आपल्याकडची नेहमीची बाहेरची भिंत नऊ इंची. चौकट तिच्या बाहेरच्या कडेशी बसवली की वीट आणि काच एकाच पातळीत येतात, आणि सगळा दर्शनी भाग कागदावर छापल्यासारखा सपाट होतो. तीच चौकट चार इंच आत ढकलली की खिडकीच्या वरच्या कडेखाली आणि एका बाजूला सावलीची पट्टी पडते. ऊन फिरेल तशी ती पट्टी दिवसभर सरकते. विटांच्या कडा उजेडात राहतात, काच काळोखात जाते, आणि भिंत जाड आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. विटेच्या घराचा जो भारदस्तपणा लोकांना आवडतो तो नव्वद टक्के इथून येतो. नव्वद हा आकडा माझा अंदाज. कुणी ऐंशी म्हटलं तर भांडणार नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा लंडनमध्ये आहे, आणि तो सौंदर्यशास्त्राच्या नव्हे, आगीच्या इतिहासात सापडतो. १६६६च्या आगीत लाकडी लंडन जळालं आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यानं नवी घरं वीट-दगडाची झाली. पण खिडक्यांच्या लाकडी चौकटी बाहेरच्या भिंतीशी सपाटच बसवत, आणि एका घराची आग शेजारच्या घराच्या चौकटीला सहज धरे. म्हणून १७०९ साली कायदा झाला की चौकट भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच आत हवी. १७७४च्या कायद्यानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की वरखाली सरकणाऱ्या झडपांची लाकडी पेटीसुद्धा बाहेरच्या विटेच्या आड लपली पाहिजे. कुणाच्याही डोक्यात रूपाचा विचार नव्हता. होती ती शेजारधर्माची सक्ती. परिणाम मात्र असा झाला की ज्या जॉर्जियन घरांचे फोटो आपले लोक फिरायला गेल्यावर काढून आणतात, त्यांच्या खिडक्या त्या चार इंचांमुळे तशा दिसतात. आत गेलेली बारीक चौकट, वर विटा घासून नेमक्या मापात बसवलेली सपाट कमान, खाली दगडाची सिल, झालं. बहुतेक साध्या घरांना भोवतीनं ओढलेली पट्टी नाहीच. आणि तिथेही आता असल्या घरांत जाड प्लास्टिकच्या चौकटी बसवल्या की घराचे डोळे मिटल्यासारखे दिसतात, अशी तक्रार तिथलेच लोक करतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ते लंडन, इथे आपल्याकडे पाऊस बघा, ऊन बघा. बघू या.

आपला पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो आणि तिरका मारतो. खिडकीची सगळ्यात नाजूक जागा काच नव्हे. चौकट आणि वीट यांच्यामधली फट. चौकट बाहेरच्या कडेला आणली की ही फट थेट पावसाच्या तोंडी जाते. मग ती सिलिकॉननं भरायची. पण वीट खरबरीत असते, मध्येमध्ये दरजा असतात, त्यावर सिलिकॉन काचेवर चिकटतं तसं चिकटत नाही, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत एका टोकाकडून सुटू लागतं. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती धुळीनं बुजतात, आणि कित्येकदा बसवणाऱ्यानं पाडलेलीच नसतात. जुलैत एखाद्या रात्री पट्टी भरते आणि पाणी आतल्या बाजूनं भिंतीवर उतरतं. म्हणजे तिरक्या पावसाच्या प्रदेशात चौकट आत हवी, लंडनपेक्षा जास्त हवी. पावसाचा दाखला देणारे लोक नेमका उलटा निष्कर्ष काढतात.

आता खिडकीभोवतीच्या पांढऱ्या पट्टीकडे येतो, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिच्यात आहे.

पट्टी कशासाठी, असं विचारलं तर 'लुक' हे उत्तर मिळेल. खरं उत्तर वेगळं आहे, आणि काम चालू असताना तासभर उभं राहिलं की ते दिसतं. सागवानी चौकट भिंतीत लोखंडी होल्डफास्टनं धरलेली असते. त्यांचे पाय विटांच्या थरात काँक्रीटमध्ये रुतवलेले असतात. हे होल्डफास्ट कापून चौकट हळू सोडवायला सुताराचा अर्धा दिवस जातो. फॅब्रिकेटरच्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. तो छिन्नी-हातोड्यानं किंवा ब्रेकर लावून चौकट उचकटतो आणि तिच्यासोबत दोन्ही बाजूंच्या विटांचे कोपरे येतात. समोर दातरी उरते. तसली वीट आता मिळत नाही, मिळाली तर तो रंग मिळत नाही, आणि उघड्या विटेत तुकडा बदलणारा गवंडी शोधावा लागतो. त्यापेक्षा सोपं काय? सहा इंच गिलावा थापून सगळं झाकणं. पांढरी पट्टी म्हणजे तोडफोडीवरचं पांघरूण आहे, आणि तिचे पैसे आपणच वर देतो. ज्याला ही पट्टी हवी आहे त्यानं ती खुशाल घ्यावी, पण सजावट म्हणून ती गळ्यात मारू नये.

पहिल्या पावसाळ्यात तिचं काय होतं तेही पाहा. खिडकीच्या चारही कोपऱ्यांतून पट्टीला तिरप्या केसाएवढ्या भेगा जातात, कारण खालची वीट आणि वरचा सिमेंटचा गिलावा ओल्यानं-उन्हानं सारखे फुगत-आकसत नाहीत. भेगेतून गेलेलं पाणी मागच्या विटेत मुरतं आणि पट्टीमागून बाहेर यायला त्याला वाट नसते. दुसऱ्या वर्षी हातानं वाजवली तर पोकळ आवाज येतो. आणि सिलच्या दोन्ही टोकांखाली काळ्या ओघळांच्या मिशा उगवतात. पांढऱ्या रंगावर त्या जेवढ्या ठळक दिसतात तेवढ्या विटेवर कधीच दिसल्या नसत्या. दर दिवाळीला रंग मारायचा, दर आषाढात मिशा परत. 'मेन्टेनन्स फ्री' म्हणून विकलेल्या खिडकीभोवती मेन्टेनन्सचा कायमचा वार्षिक कार्यक्रम लागतो.

त्या मिशा का येतात हे समजलं तर खिडकीचं अर्धं सौंदर्यशास्त्र समजलं. सिल भिंतीच्या बाहेर आलेली नसते, किंवा आली तरी तिच्या खालच्या अंगाला खाच नसते. पाणी हा चिकट प्राणी आहे. कडेवरून ते खाली सुटत नाही. दगडाच्या खालच्या बाजूनं परत भिंतीकडे रांगत येतं. सिल कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची घ्या, बाहेर उतार द्या, भिंतीपासून दोन इंच पुढे काढा, आणि पुढच्या कडेच्या थोडं आत, खालून, बोट फिरेल न फिरेल एवढी एक लांब खाच मारून घ्या. दगडवाला मशीनवर ती काही मिनिटांत मारतो. पाणी खाचेशी आलं की थेंब होऊन सुटतं. छज्ज्याच्या खालच्या कडेलाही तेच. जुन्या सरकारी बांधकामांत ही खाच जवळजवळ हटकून सापडते, आणि म्हणून त्या पिवळट, दुर्लक्षित इमारतींच्या खिडक्याही वयाच्या मानानं स्वच्छ दिसतात. रंगवाल्याच्या तोंडून या खाचेचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही. ऐकणार कसा? ती असली तर त्याला पुढच्या वर्षी बोलवावं लागत नाही.

इथे एक हुशार आक्षेप येतो आणि त्याला उत्तर द्यायला हवं. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना पांढऱ्या पट्ट्या आहेतच की, आणि किती देखण्या आहेत! आहेत. फोंड्यात, मडगावात, फोंताइन्हासच्या गल्लीत त्या पाहून कुणाचं मन प्रसन्न होणार नाही? पण त्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि वरून चुन्याचा गिलावा केलेल्या आहेत. पट्टी गिलाव्यावरची गिलाव्याची आहे, त्याच चुन्याची, त्याच गवंड्याच्या हातची. चुना श्वास घेतो, भिंतीबरोबर हलतो, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा रंग द्यायचा हे तिथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेलं आहे. रंगीत भिंतीला सपाटपणा येऊ नये म्हणून खिडकीला कड लागते, ती पट्टी देते. विटेच्या भिंतीला स्वतःचीच वीण आहे. दर साडेतीन इंचाला एक आडवी रेघ, मध्ये उभ्या फटींची जाळी. तिथे कड दाखवायचं काम वीटच करू शकते: वर उभ्या विटांची रांग, किंवा थोडी फुगीर कमान, खाली आडव्या-उभ्या विटांची सिल. रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्समध्ये हे सगळं आहे, आणि तिथे कुठलाही डिझायनर गेला नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. उघडी वीट टिकतच नाही म्हणतात. अहमदाबादच्या आयआयएमचं बघा. वास्तुविशारद लुई कान यांच्या त्या विटेच्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडायचा निर्णय संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला, जगभरातून ओरड झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला, आणि विषय पुढेही धुमसत राहिला. गळती, विटांची झीज, भूकंपाचं नुकसान अशी कारणं संस्थेनं दिली. ही कारणं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्याच आवारातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमया यांच्या कार्यालयानं केली आणि तिला २०१९ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. म्हणजे तीच वीट, तेच हवामान, आणि दुरुस्ती होऊ शकते. शिवाय तिथल्या खिडक्या नीट पाहाव्यात. मोठी कमान किंवा अख्खं वर्तुळ बाहेरच्या भिंतीत, आणि काच मात्र पुष्कळ आत, सावलीत. कमानीच्या पायाशी काँक्रीटची एक फिकट आडवी पट्टी दिसते. कुणी म्हणेल, बघा, आहे की पट्टी! आहे, पण कमानीचे दोन पाय बाहेर फाकू नयेत म्हणून ती त्यांना बांधून ठेवते. काढली तर कमान उघडेल. आमची सहा इंची पांढरी पट्टी काढली तर काय होईल?

आणि कान परवडत नसतील तर लॉरी बेकर आहेत. १९४५ साली भारतात आलेला हा इंग्रज माणूस पुढे केरळात स्वस्तात विटा रचत राहिला. खिडकी ही घरातली अतिशय महाग वस्तू आहे आणि तिची चौकट बहुतेक वेळा अनावश्यक आहे, असं तो बजावून सांगे. त्यानं सुचवलेली सर्वांत साधी खिडकी म्हणजे भिंतीतल्या उभ्या अरुंद फटीत बसवलेली एक फळी, वर एक आणि खाली एक खुंटीवर फिरणारी. चौकट नाही, बिजागरी नाही. जिथे फक्त वारा-उजेड हवा तिथे तेवढंही नको. विटा एकाआड एक सोडून जाळी रचायची. तिरुअनंतपुरमला त्याच्या इमारती पाहणाऱ्याला खिडकी कुठे सुरू झाली आणि भिंत कुठे संपली हे सांगता येत नाही, आणि त्यात खिडकीचा 'लुक' सुधारायला काही उरतच नाही.

म्हणजे ॲल्युमिनियम वाईट का? नाही. इथे मी लाकूडप्रेमी मंडळींपासूनही वेगळा होतो. पन्नास-साठच्या दशकातल्या सरकारी वसाहतींत लोखंडी झेड सेक्शनच्या खिडक्या असत, बोटभर रुंदीच्या पट्ट्यांच्या, आणि विटेत त्या फार छान दिसतात. भपका नाही, जाडी नाही, सगळी काच. गंजतात हा दोष खरा. आज तितकंच बारीक ॲल्युमिनियम मिळतं; गडद, मॅट रंगाचं घेतलं आणि चार इंच आत बसवलं तर माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती अडीच-तीन इंच रुंद चकचकीत सेक्शन बाहेरच्या कडेला ठोकून त्याला आधुनिक म्हणण्याबद्दल. आणि सागवानी चौकट खरंच काढायचीच का, हेही एकदा तपासावं. ती सहसा सगळी कुजत नाही. खालचा आडवा भाग आणि उभ्यांची खालची वीतभर टोकं जातात, कारण पाणी तिथे साठतं. सुतार तेवढाच भाग नवा जोडून देतो. ज्या जुन्या सागाला कंत्राटदार 'वाळवी लागलेलं' म्हणतो त्याला लाकडाच्या वखारीत गिऱ्हाईक कसं मिळतं, हे एकदा त्याला विचारावं.

आरशाच्या काचेवर फार वेळ घालवत नाही. दिवसा बाहेरच्याला आपलं घर दिसत नाही, त्याचं स्वतःचं तोंड दिसतं. रात्री दिवा लावला की सगळं उलटं होतं आणि आपण शोकेसमध्ये बसतो. मार्च-एप्रिलमध्ये बुलबुल आपल्याच प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून चोची मारत बसतात ते वेगळंच. ऊन अडवायचं असेल तर ते काचेवर येण्याआधी अडवायचं असतं. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारचं ऊन दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतं, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेला पुरत नाही. चार वाजता सूर्य छज्ज्याखालून सरळ आत येतो. तिथे झाड, वाळ्याचा पडदा, बाहेरून लाकडी पट्ट्यांची झडप, नाहीतर विटेची जाळी. झडप लावली तर मिटणारी लावावी. अमेरिकेत विटांच्या घरांना खिडकीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या खोट्या झडपा स्क्रूनं पिळतात, त्या मिटल्या तर अर्धी खिडकीही झाकणार नाही इतक्या अरुंद. तो माल अजून आपल्याकडे फारसा आला नाही. येईल.

विटांवरच्या कोटिंगचा प्रश्न मात्र गंभीर आहे. वीट पाणी पिते आणि सोडते. सोडायला वाट हवी. चकाकता थर मारला की समोरून वाट बंद. पण पाणी भेगांतून, छतावरून, पायातून येतच राहतं. त्याबरोबर क्षार येतात, कोटिंगमागे साठतात, आणि एक दिवस विटेचा पापुद्रा कोटिंगसकट सुटून पडतो. पांढरा लोणा दिसतो म्हणून लोक कोटिंग मारतात, आणि त्यामुळे तो आत दडपला जाऊन वीट खातो. त्याआधी 'साफ' करायला ॲसिड मारलं असेल तर काम आणखी लवकर होतं, कारण भाजलेल्या विटेची वरची कडक साल तेवढीच तिचं रक्षण करत होती. साधं पाणी, काथ्याचा ब्रश, आणि पडलेल्या दरजा पुन्हा भरणं. चुना मिसळलेल्या नरम मसाल्यानं, विटेपेक्षा कडक सिमेंटनं नव्हे. एवढं केलं की मालक दारात उभा राहून म्हणतो, खिडक्या रंगवल्या का? रंगवलेल्या नसतात.

राहिला पुनर्विक्रीचा मुद्दा. दलाल सांगतो की पट्टी आणि स्लायडिंग असलं की भाव येतो. पुण्यासारख्या शहरात बंगल्याचा भाव जमिनीला आणि एफएसआयला येतो. घेणारा बिल्डर असेल तर तो तुमच्या खिडक्यांकडे पाहणारही नाही, आणि राहायला घेणारा असेल तर तो गळती कुठे आहे हे विचारेल.

शेवटी एक अत्यंत क्षुद्र वाटणारी गोष्ट. रस्त्यापलीकडे उभं राहून आपल्या दर्शनी भागाचा फोटो काढा आणि मोबाइलवर मोठा करून बघा. एसीचा बाहेरचा डबा खिडकीच्या छज्ज्यावर, त्याची काळी नळी एका झडपेची काच काढून तिथे ठोकलेल्या प्लायमधून आत, केबलच्या तीन वायरी, त्यांतल्या दोन बंद पडलेल्या, खोक्यासारखी पुढे आलेली ग्रिल आणि तिच्या गंजाचे ओघळ, ग्रिलमध्ये सायकलचा टायर. हे सगळं काढायला, ग्रिल चौकटीच्या आतल्या बाजूला घ्यायला आणि नळीसाठी भिंतीत एक नीट भोक पाडायला प्लंबर, वेल्डर आणि वायरमन लागतो, फॅब्रिकेटर लागत नाही. आधी त्यांना बोलवा. त्यानंतरही पट्टी काढावीशी वाटली तर कंत्राटदाराचा नंबर कुठे जात नाही.